सर्वनाम बघा

सोसायटीच्या बोर्डावर मी नोटीस लावली होती : 'आपण ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा.' संध्याकाळी तिच्याखाली सुवाच्य अक्षरात प्रश्न उमटला : 'आपण म्हणजे नुसते तुम्ही, की तुम्ही आणि आम्ही?' आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शर्टाच्या खिशाला पेन्सिल लावून जिना उतरणारा माणूस एकच, माझ्या समोरच्या फ्लॅटमधले साळवे सर.

सर शाळेत मराठी शिकवायचे. नोकरी संपली, व्याकरण संपलं नाही. जगातली निम्मी भांडणं सर्वनामांमुळे होतात, असं त्यांचं ठाम मत आहे आणि उरलेली निम्मी ते स्वतः घडवून आणतात. कशावरही त्यांचं पालुपद ठरलेलं, "सर्वनाम बघा." एकदा मी सहज म्हणाले, "सर, आम्ही सगळे रविवारी सिंहगडावर जातोय."

"'आम्ही'. म्हणजे मी नाही. बरं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, 'आपण' म्हटलं असतं तर आला असतात का?

"नसतो आलो. पण वगळला गेलो नसतो."

सर ख्रिस्ती. पवित्र शास्त्रही पेन्सिल घेऊनच वाचतात. त्यांच्या पत्नी कुसुमताई मात्र बौद्ध घरातल्या, आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या. रविवारी दोघं एकाच स्कूटरवरून निघायची. सर त्यांना विहारापाशी उतरवायचे आणि पुढे चर्चला जायचे. "स्कूटर एक, देव दोन," असं मी एकदा म्हणाले, तर कुसुमताईंनी हसत दुरुस्ती केली, "देव एकच, यांचा. माझ्याकडे देव नाहीच." त्या गेल्या आणि ती स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात पडली. ती विकायचा विषय मात्र कोणी काढायचा नाही.

त्यानंतर त्यांची मुलगी रूथ मॉर्मन झाली. ती हडपसरला आयटीत आहे. मॉर्मन लोकही येशूलाच मानतात, पण बायबलच्या शेजारी आपला आणखी एक ग्रंथ ठेवतात आणि देव आजही संदेष्ट्यांशी बोलतो म्हणतात. सरांना हे व्याकरणदृष्ट्याच मान्य नव्हतं.

"देवाचं बोलून झालंय. शेवटी पूर्णविराम आहे."

"स्वल्पविराम आहे, पप्पा," रूथ म्हणायची. शेवटी मुलगी कोणाची?

रूथ दर रविवारी जेवायला येते, आणि बापलेकींच्या वादात पंच म्हणून मला बोलावणं येतं. "तुम्हाला दोन्हीकडचं काही कळत नाही, म्हणून तुम्ही निःपक्षपाती," असा सरांनी माझा गौरव केलेला आहे. तिच्या पंथात चहा चालत नाही. त्यांच्याकडे 'गरम पेयं' वर्ज्य आहेत आणि त्यात चहा-कॉफी येते. "गरम म्हणजे चहाच कशावरून? वरणही गरमच असतं," असं म्हणत सर तिच्यासाठी कोकम सरबत करून ठेवतात. साखर बेताची घालतात, तिला गोड चालत नाही म्हणून.

खरा वाद एका ओळीवर होता. बायबलमध्ये करिंथकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौल विचारतो, की मेलेले उठणारच नसतील, तर मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणारे ते लोक करतायत तरी काय? इतर ख्रिस्ती ही ओळ वाचून पुढे जातात. मॉर्मन तिथे थांबतात आणि खरोखरच मेलेल्यांच्या नावाने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतात. रूथला तो आईच्या नावाने घ्यायचा होता. त्यासाठी वडिलांची परवानगी लागत होती, आणि ती काही मिळत नव्हती.

"सर्वनाम बघ," सर त्या रविवारी पुन्हा म्हणाले. "पौल इथे 'ते' म्हणतो. पुढच्याच ओळीत स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतो. म्हणजे 'ते' करतात, 'आम्ही' नाही."

"पण त्यांना चूक म्हणाला का? पौल चूक दिसल्यावर गप्प बसणाऱ्यातला आहे का, पप्पा? तुमच्यासारखाच आहे तो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरबताकडे पाहिलं.

"आणि ती नको म्हणत आली, तिला आता न विचारता पाण्यात घालायचं?" सरांचा आवाज चढला. "जिवंतपणी मी घातलं नाही, ते तू घालणार?"

"पाण्यात मी उतरणार, तिच्या नावाने. घ्यायचं की नाही ते आई ठरवणार. आमच्यातले गेलेले लोक तिकडे तिला जाऊन विचारणार, आणि ती तिकडेही नाही म्हणू शकते."

सरांचा आवाज उतरला. "म्हणजे तिला विचारतात?"

"विचारतात."

"तिला स्वतःला?"

"हो, पप्पा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आपल्या वाचनाप्रमाणे बाप्तिस्मा न घेता गेलेल्या कुसुमताई कुठे असतील, हा विषय सरांनी कधी कोणापाशी काढला नव्हता. शास्त्रातली ओळ न् ओळ तपासणारा हा माणूस तेवढा प्रश्न टाळत आला होता. त्या क्षणी मला त्यांची फार दया आली.

"लग्नानंतर मी दर नाताळला विचारायचो," सर म्हणाले. "नाही म्हणायची. पण काय सुरेख नाही म्हणायची. केक कापता कापता."

रूथचे डोळे भरून आले.

"माझं वाचन बदललेलं नाही," ते तिला म्हणाले. "'ते' म्हणजे ते. पण कोणी तिच्यापर्यंत जाणारच असेल, तर जाऊ दे. दे कुठे सही करायची ते. फक्त त्यांना म्हणावं, तिच्याशी मराठीत बोला. आणि नाही म्हणाली, तर वाद घालू नका."

रूथने मान हलवली. सर उठले, दोघींचे रिकामे पेले उचलून ओट्याकडे गेले आणि तिथूनच, पाठमोरे, म्हणाले,

"आणि विचारलंच तिने, तर सांगावं, आपण बरे आहोत."

त्या घरात आता सर एकटेच राहतात. 'आपण' म्हणजे कोण कोण, हे विचारायची पाळी त्या दिवशी माझी होती. मी विचारलं नाही.