जायबंदी पठ्ठे, शोधनीस आणि बसत्या फडाची हकीकत

श्रीमारुतिरायाचे पायी मस्तक, बळ देणाराचे स्मरण, आणि ज्यांनी ऐकावयाचे त्यांस दंडवत. शके सतराशे तेवीस, दुर्मतिनाम संवत्सरी, एका राज्यात शोधाची मोठी गोष्ट जाहली, ती जैसी घडली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण ऐसी राज्ये बहुत, आणि उगाच एकाचे नाव घेतल्यास बाकीची रुसतील.

त्या साली सरहद्दीवरील लढाई आटोपोन फौज घरी आली, आणि महाराज विजयी जाहले, आणि वाड्यावर नौबत वाजली, परंतु फौजेत जायबंदी माणूस फार. कोणाचा गुडघा वाकेना, कोणाची मान फिरेना, कोणाचा हात खांद्यावर चढेना. राज्यात पूर्वापार चाल ऐसी की, जखम भरली म्हणजे वैद्याचे काम सरे आणि वस्तादाचे सुरू होई. मग जायबंदी पठ्ठ्याने तालमीत यावे, आणि आधी कुदळीने आखाड्याची माती उकरावी, मग लेजीम धरावी, मग लाकडी दांडपट्टा फिरवावा, आणि वस्तादाने मनगटास मनगट लावोन रोज केसभर हात वर न्यावा. ऐसे करिता करिता माणूस बरा होई, आणि बरा कैसा जाहला हे कोणी पुसत नसे, कारण तो समोर उभा असे. राजधानीत तालीम हैबती सणस वस्तादांची. वस्ताद वयस्क, बोलणे थोडे, कान कुस्तीने मोडलेले, आणि दिल्या शब्दास फार जपणारे. त्यांचा आवडता पठ्ठा मुधोजी खळदकर, पट्ट्याचा खेळाडू. दसऱ्यास महाराजांची स्वारी सीमोल्लंघनास निघे तेव्हा घोड्यापुढे पट्टा खेळण्याचा मान मुधोजीचा होता. त्यास लढाईत उजव्या खांद्यावर वार लागला होता. जखम भरली, परंतु हात कानापर्यंत जाईना. वस्तादांनी खांदा चाचपोन पाहिला आणि बोलिले, "माती उकराय लाग. वर्षात पट्टा धरशील." तेव्हा मुधोजीने हर्ष मानोन कुदळ मागितली. येथवर सर्व ठीकच होते.

इतक्यात दरबारी शोधाचा वारा आला. अंताजीपंत म्हणोन एक विद्वान होते, देशोदेशी फिरलेले, स्वभावे सालस, कोणाचे वाईट चिंतणारे नव्हेत. त्यांस महाराजांनी शोधनीस ही नवी पदवी देऊन शोधशाळा काढोन दिली होती, आणि महाराजांस नव्याची हौस असल्याकारणे पदवी आधी जन्मली आणि काम मागाहून शोधले गेले. पंतांनी अर्ज केला की, "महाराज, मर्दानी खेळाने जायबंदी माणूस बरा होतो ऐसे वस्ताद म्हणतात, परंतु कदाचित तो आपोआपही बरा होत असेल. शाबीत केल्याविना बोलणे म्हणजे वाऱ्यावरची वरात. याकरिता जायबंदींचे दोन फड करावे. एकाने खेळावे, एकाने बसावे. वर्षाने दोन्ही पाहावे, म्हणजे फरक दिसेल." महाराज बोलिले, "बसतील त्यांचे काय?" पंत बोलिले, "पुढला दसरा जाहला की त्यांनी खेळावे, पहिला मान त्यांचा. मी शपथेस बेलभंडार उचलतो." आणि त्यांनी खरोखर उचलिला, आणि त्या वेळी त्यांचे मनात कपट नव्हते, हे आम्ही आवर्जून लिहितो. मग वस्तादांस बोलावोन पुसले. वस्तादांनी विचार केला की, आपली विद्या दरबारी शाबीत जाहली तर गावोगावच्या तालमी उभ्या राहतील आणि पुढे कोणी जायबंदी घरी कुजणार नाही. ऐसा विचार करून त्यांनीही बेलभंडार उचलिला की, बसत्या फडातील कोणासही वर्षभर माझ्याकडून खेळ मिळणार नाही. मग देवीपुढे परडीत चिठ्ठ्या घालोन उचलविल्या, आणि मुधोजीची चिठ्ठी बसत्या फडात निघाली.

मुधोजीने चिठ्ठी कपाळी लाविली आणि वस्तादांस पुसले, "म्हंजी मी काय करायचं?" वस्ताद बोलिले, "बसायचं." मुधोजी बोलिला, "कवापत्तूर?" वस्ताद बोलिले, "दसऱ्यापत्तूर." तेव्हा मुधोजीने मुजरा केला आणि कुदळ जागी ठेविली आणि घरी येऊन बसला. आता बसणे म्हणजे काय, हे कोणी त्यास फोड करून सांगितले नाही. पंतांचे मनात इतकेच की तालमीचा खेळ खेळू नये. परंतु मुधोजी शिपाई माणूस. ठाण्यावर पहाऱ्यास उभे केले तर तहान लागली म्हणोन जागा न सोडणारा. त्याने बसण्याचाच पहारा धरिला. उजव्या हाताने तांब्या उचलावा तर तो हात कामास लागला, आणि कामास लागला म्हणजे खेळ जाहला, आणि खेळ जाहला म्हणजे वस्तादांचा शब्द पडला, ऐसा हिशेब त्याने मनाशी केला. मग त्याने हात फडक्यात घालोन गळ्यात बांधिला. पागोटे बायकोने बांधावे, घास बायकोने भरवावा, अंगावर माशी बसली तर डाव्या हाताने हाकावी. आणि बसत्या फडातील बहुतेक सर्वांनी ऐसेच केले, कारण सर्वच शिपाई होते. एकमेकांच्या घरी जाऊन पाहत की अमका बसला आहे ना, आणि कोणी पाट सरकविताना दिसला तर त्यास ओशाळवीत. आज या गोष्टीस हसू येते, परंतु हसोन जाहल्यावर बरे वाटत नाही.

त्याची बायको गिरजाऊ मोठ्या जिवाची बाई. तिने काही मास पाहिले आणि मग तिचा धीर सुटला, कारण हात दिवसेंदिवस सुकू लागला आणि बोटे आत वळू लागली. ती तालमीच्या दाराशी आली आणि वस्तादांस बाहेर बोलाविले आणि बोलिली, "तुमी मला बापाच्या जागी. घरी या, दार लावून घ्या, अन् त्येच्या हाताला चार हिसके द्या. कुणाला कळायचं न्हाई." वस्ताद बोलिले, "देवीला कळंल." गिरजाऊ बोलिली, "देवी काय मला भाकरी थापाय येती? मी त्येला लेकरावाणी भरवती. परवा भरवताना त्यो तोंड फिरवून रडला. खांद्यावर वार बसला तवा रडला नव्हता." वस्ताद बोलिले, "गिरजाऊ, आज मी चोरून शिकवलं अन् उद्या फुटलं, तर पंत म्हणतील सगळीच लबाडी. मग कुठल्याच जायबंदीला तालीम मिळायची न्हाई. दसऱ्यापत्तूर दम धर. दसऱ्याला पयला हात त्येचाच धरीन." गिरजाऊ घरी गेली. वस्तादांनी एवढे मात्र तिला सांगावयाचे होते की, निदान घास तरी त्यास हाताने घेऊ दे. परंतु मुधोजी घास घेत नाही तो बसण्याच्या हुकुमामुळे, हे त्यांचे ध्यानी आलेच नाही. त्यांस वाटले दुखणे वाढले. बाईस वाटले वस्तादांनीच ऐसे बसविले. दोघेही एकमेकांपुढे उभी होती, आणि पुसले असते तर एका वाक्याने उलगडा होता. नाही पुसले. आम्हास सर्वांत अधिक हळहळ वाटते ती याच जागेची.

मग दसरा आला, आणि पंतांनी दोन्ही फड वाड्यासमोर उभे केले. खेळता फड लेजीम खेळत आला, आणि बसता फड गळ्यात हात बांधोन आला. फरक ऐसा की आंधळ्यासही दिसावा. महाराज सिंहासनावरून उठोन उभे राहिले. विद्वान मंडळी थक्क जाहली, कारण इतका फरक कोणत्याही विद्येत कोणी पाहिला नव्हता. पंतांनी ग्रंथ लिहिला, आणि ग्रंथ देशोदेशी गेला, आणि पंतांस पालखी मिळाली. आणि देशोदेशींचे विद्वान शोधास लागले, परंतु विद्वानांची रीत ऐसी की एकाने जे शोधले ते जुने आणि दुसरा जे शोधील ते नवे. मग पूर्वसमुद्रापलीकडील संथ हातवाऱ्यांची विद्या आली, तेव्हा सर्व शोधशाळा संथ जाहली आणि पंत जिन्यावरूनही तैसेच उतरू लागले. मग म्हाताऱ्या माणसांनी हाड न मोडता कैसे पडावे ही विद्या आली, तेव्हा दरबारात गाद्या घालोन कारभारी पाडिले. मग श्वासाचा शोध आला. आणि सर्वांशेवटी शोधांचाच शोध आला, म्हणजे कोणत्या साली मर्दानी खेळांवर किती ग्रंथ जाहले, कोणी कोणाचे नाव घेतले, वारा कोठोन कोठे वाहतो, याचे नकाशे काढू लागले. या कामी आलेले ग्रंथ ठेवावयास जागा पुरेना, म्हणोन महाराजांचे हुकुमाने हैबती वस्तादांची तालीम घेतली आणि आखाड्याच्या तांबड्या मातीवर फरशी घातली. ग्रंथ सर्व मर्दानी खेळाचेच होते, म्हणोन कोणास वावगे वाटले नाही.

बसत्या फडाची पाळी या गडबडीत राहिली. मुधोजी बसलाच होता. दसरा गेला तरी उठ म्हणोन हुकूम आला नव्हता. पंतांनी फड मोडिल्याखेरीज हात धरिला तर शब्द पडेल, ऐसे मानोन वस्ताद दरबारी खेटे घालीत. आधी उत्तर आले की ग्रंथ पुरा होऊ द्या, मग आले की पाहुणे विद्वान जाऊ द्या. शेवटी वस्ताद पंतांचे दिवाणखान्यात जाऊन उभे राहिले आणि बोलिले, "पंत, बसत्या फडाची पाळी." पंत खाली पाहोन बोलिले, "वस्ताद, तो विषय सरला." वस्ताद बोलिले, "विषय सरला, माणसं हायती." तेव्हा पंतांस लाज वाटली आणि ते बोलिले, "येतो तुम्हासंगे, पाहू तर." मग दोघे मुधोजीचे घरी गेले. तेथे गिरजाऊ नवऱ्यास घास भरवीत होती. पंत बोलिले, "अरे, हाताने का जेवीत नाहीस?" मुधोजी बोलिला, "हुकूम हाय न्हवं बसायचा." पंत बोलिले, "पट्टा खेळू नये इतकेच म्हटले होते. जेवू नये, पागोटे बांधू नये, हे कोणी सांगितले?" मुधोजी वस्तादांकडे पाहू लागला. वस्ताद बोलिले, "पंत, शिपायाला अर्धा हुकूम कळत न्हाई."

पंत विद्वान खरे, त्यांस एका क्षणात सर्व उमगले. बसता फड नुसता बसला असता तर फरक दिसला असता तो थोडा. इतका दिसला तो यांनी हात बांधोन बसण्याची शर्थ केली म्हणोन. ते हळू बोलिले, "मग माझा ग्रंथ खोटा." वस्ताद बोलिले, "तसं दरबारात सांगा." पंत बोलिले, "देशोदेशींच्या ग्रंथांनी त्यास टेका दिला आहे वस्ताद, आता तो एक काढावा तर सर्व माडी खाली येते." आणि ते डोळे पुशीत पालखीत बसोन गेले. ते रडले हे खरे, आणि त्यांनी कोणास सांगितले नाही हेही खरे.

मग वस्तादांनी घराच्या अंगणातच कुदळ चालविली आणि माती मोकळी केली आणि आपला पट्टा आणविला. पट्ट्यास उघड्या मुठीऐवजी लोखंडी खोबळा असतो, त्यात कोपरापर्यंत हात घालोन आतली मूठ धरावी लागते. वस्तादांनी मुधोजीच्या गळ्यातील फडके सोडिले आणि हात धरोन खोबळ्यात घालू पाहिला. हात लाकूड जाहला होता आणि वळलेली बोटे उघडेनात. वस्तादांनी तेल लाविले, चोळिले, कळ येईतो ओढिले, आणि पुढे किती एक काळ रोज येऊन तेच करीत. परंतु त्या हाताची वेळ गेली होती. एके दिवशी मुधोजीच बोलिला, "ऱ्हाऊ द्या वस्ताद." आणि थोडा थांबोन बोलिला, "येक इचारू? बसण्यात माजी काय कसूर झाली का?" वस्ताद बोलिले, "न्हाई, मुधोजी. तुझ्यावाणी कुणी बसलं न्हाई." तेव्हा मुधोजीचे मुखावर समाधान दिसले, आणि तो बोलिला, "मग झालं. माझ्यापायी तुमचा शब्द पडला असता तर वाईट." वस्तादांनी त्याचा हात हळूच खाली ठेविला. गिरजाऊ भाकरीचे ताट टाकोन आत निघोन गेली.

सारांश, महाराजांस कीर्ती जाहली, पंतांस पालखी, विद्वानांस विषय, आणि मुधोजीने पुढे सर्व आयुष्य डाव्या हाताने काढिले. दसऱ्यास घोड्यापुढे दुसरा कोणी खेळू लागला, तोही चांगला खेळे. हैबती वस्तादांनी पुन्हा तालीम धरिली नाही. पंतांचा ग्रंथ अद्याप वाचितात, आणि त्यात बसत्या फडाविषयी इतकेच लिहिले आहे की, या फडातील माणसांनी सांगितले तैसे केले. ते खरे आहे.