पिंपातली विभूती

नळदुर्गात आमच्या घरासारखी विभूती कुणाच्याच घरी होत नसे. हे मी स्वतःच सांगते आहे, म्हणजे खरंच असणार!

तरी त्या साली निजामाच्या हद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखातल्या मठाचे कारभारी शिवलिंगप्पा येऊन म्हणाले, "गंगम्मा, ही कपाळाला लावायची का भांडी घासायची? स्वामींच्या कपाळावर ओरखडे उठलेत. यंदा मऊ न्हाय निघाली तर मठ सोलापुरातनं आणंल."

सासऱ्यांपासूनचं काम जाणार! काळजीनं माझं जेवण सुटलं. दुपारचं. रात्रीचं चालू होतं.

उपाय सापडला तो गुळाच्या पुडीच्या कागदावर. (शाळेत मी गेले नाही, पण पुडीचा कागद सोडत नाही!) रंगाच्या कारखान्यात म्हणे रंग पाण्यात कालवून, दगडी गोट्यांसकट पिंपात भरतात आणि पिंप फिरवत ठेवतात. गोटे आपटतात, मधला कण लोणी होतो.

"फिरवणार कोण?" आमच्या ह्यांनी, म्हणजे सिद्रामप्पांनी, विचारलं.

"बैल! मठापत्तुर सहा कोस जायचंच हाय. पिंप आडवं करून रुळासारखं गाडीमागं बांधा. पोचेस्तवर विभूती तयार!"

"अन् लोक हसले तर?"

"लग्नापासनं हसतेत. नवीन काय त्यात?"

नदीतले काळे गोटे, शेणाची राख, बेताचं पाणी. वर लाकडी बूच ठोकून बसवलं. उन्हात पिंप असं गडगडायला लागलं की वाटेतल्या वस्तीनं निजामाच्या तोफा आल्या समजून दारं लावून घेतली!

हद्दीवरच्या नाक्यावर काळ्या शेरवानीतले नाकेदार अण्णाराव आडवे आले.

"काय हाय ह्यात?"

"विभूती, साहेब."

"विभूती गडगडती व्हय? काडतुसं हायेत ही! बूच काढा!"

"साहेब, उन्हानं आत हवा कोंडलीय. जरा निवू द्या…"

"बाई, मला शिकवू नका!" असं म्हणून त्यांनी तोंड जवळ नेलं आणि स्वतःच बूच उपसलं.

बूच छपरावर गेलं. मागोमाग वाटभर घुसळलेली विभूती बाहेर आली! टोपी, मिशा, शेरवानी, सगळं पांढरं. साहेबांचे नुसते डोळे उरले. बाकीची विभूती भळाभळा खड्ड्यात गेली.

तेवढ्यात आमची वाट पाहून कंटाळलेले शिवलिंगप्पा पलीकडून आले. "विभूती कुठाय?"

ह्यांनी गुपचूप साहेबांकडं बोट केलं.

कारभारी माणूस! त्यांनी साहेबांच्या गालावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटले.

"साय हाय, गंगम्मा, साय! आता मठात दुसऱ्याची विभूती येणार न्हाय!"

अण्णारावांनीही राग विसरून दुसरा गाल चाचपला. "खरंच की हो!"

काम आमच्याकडंच राहिलं. मठात शाल देऊन सत्कारही झाला. ह्यांचा! "युक्ती कुणाची?" म्हणून कुणी विचारलं तेव्हा हे नम्रपणे खाली बघत होते म्हणे.

मी तो सोहळा पाहिला नाही. मी नाक्यावर साहेबांची शेरवानी धूत बसले होते. तीन पाणी झाली, चौथं झालं, विभूती धाग्याधाग्यात शिरलेली! ती किती बारीक निघाली होती, हे माझ्याइतकं कुण्णाला म्हणून कळलं नाही.