सबनीसकाकांचे पाच स्पीकर

कोलकात्यातल्या बेहालाच्या सबनीसकाकांकडे कुणी गेलं की ते आधी कान विचारतात. "दोन्ही शाबूत आहेत ना?" मलाही हेच विचारलं होतं, तेही आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. मी गोंधळून हो म्हणालो. "मग रविवारी ये."

काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी पुण्याहून बदलीवर कोलकात्याला आले, इथल्या एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायला लागले आणि पुन्हा बदली नको म्हणून आयुष्यभर बढत्या नाकारत राहिले. बँड कधीच मोडला. आता ते एकट्याचा अल्बम करत होते, सराउंड साउंडमध्ये. खोलीत पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर काकूंच्या गोधड्या आणि बरोबर मध्यावर एक फिरती खुर्ची.

"मधे बस. हलू नकोस, आवाज हलतोय."

माझे वडील सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या कामासाठी विट्याहून इथे आलेले. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. रॉक म्हणजे काय, मला काही माहीत नव्हतं. पहिलं गाणं संपल्यावर भीत भीत म्हणालो, "छान आहे, काका."

"छान राहू दे. झांज कुठून आली?"

"मागून. उजवीकडून."

"आणि गिटार?"

"डोक्यावरून गेल्यासारखी वाटली."

"गेल्यासारखी म्हणजे? गेली की नाही?"

एकदा खालच्या मजल्यावरचे घोषबाबू तक्रार घेऊन आले. "मिश्टर सबनीस, हमारा पंखा हिलता है." काकांनी त्यांनाच खुर्चीत बसवलं. "किस तरफ से हिलता है, बताइए." घोषबाबू तीन गाणी ऐकून, चहा पिऊन, मागचा डावा स्पीकर जरा कमी करा असं सांगून गेले. काका खूश. "बघ, याला कान आहेत."

स्वतः खुर्चीत बसले की काका गरगर फिरत ऐकायचे. मला हसू यायचं. एकदा काकूंसमोरच हसलो. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अरे, डाव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. ड्रमशेजारी उभं राहून राहून गेला तो. मग उजवाच सगळीकडे फिरवावा लागतो. आता उजवाही चाललाय. कानाचं मशीन आणून ठेवलंय. लावलं की माझं बोलणं कळतं, पण गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते म्हणतात. अल्बम होईपर्यंत हात लावणार नाहीत."

त्यानंतर मी परीक्षेच्या दिवसांतही जात राहिलो. काका स्वतः कानाबद्दल कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. हळूहळू त्यांचे प्रश्न मोठ्या आवाजात यायला लागले. माझ्या उत्तरांच्या वेळी ते माझ्या ओठांकडे बघायला लागले. मग मी हातानेच दाखवायचो: मागे, अजून मागे.

शेवटचं गाणं पुढच्या वर्षी दुर्गापूजेनंतर झालं. त्याबद्दल त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. इतके महिने मी दिलेल्या उत्तरांच्या अंदाजाने सगळं एकट्यानेच बसवलं होतं. मला मधे बसवून ते समोरच्या स्पीकरशेजारी उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून.

एकच गिटार होती, फार हळू. समोरून निघाली आणि माझ्या कानाजवळून गेली, घरातलं कुणी न बोलता शेजारून जावं तशी. मी नकळत मागे वळून पाहिलं.

पुन्हा समोर वळलो तेव्हा काका माझ्याकडेच बघत होते. मी घाईघाईने सांगायला लागलो, कुठून आली, कुठे गेली. त्यांनी हात वर केला.

"राहू दे. दिसलं मला."

गाणं अजून चालू होतं. ते दार उघडून स्वयंपाकघरात गेले. काकूंना म्हणाले, "दे ते मशीन. लावतो आता."