हळद लागलेला तलाव

चऱ्होलीच्या हिंदुरावांच्या मळ्यात शुक्रवारी जी हळद झाली, ती नवरदेवापेक्षा पोहण्याच्या तलावालाच जास्त लागली. मित्रांनी नवरदेवाला उचलून पाण्यात टाकलं, त्याच्यामागून हळदीचं पातेलं ओतलं आणि मग सगळेच अंगभर हळद घेऊन उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव चहाचा कप घेऊन काठावर आले, तर पांढऱ्या फरशांवर, पाण्याच्या बरोबर कडेनं, चारही बाजूंनी तेलकट पिवळा पट्टा उमटलेला.

वांग्याचे वाफे मोडून त्यांनी हा तलाव बांधला होता, कार्यांना भाड्यानं द्यायला. तेव्हापासून त्यांच्या पत्नी गोजाबाई बाजारातून वांगी आणल्यावर पिशवी घेऊन मुद्दाम तलावाच्या कडेनं घरात यायच्या. 

हिंदुराव पट्ट्याकडे बघत असतानाच पुनावळ्याच्या बबनरावांचा फोन आला. त्यांचा समाधान आणि हिंदुरावांची उत्कर्षा चाकणला एकाच कंपनीत होते. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, वडीलधाऱ्यांचा होकार तेवढा बाकी होता. बबनराव म्हणाले, उद्या सकाळी आम्ही नवरा-बायको येतो. मग म्हणाले, "पोरगी काय, बघितल्यालीच हाय. तुमचा तलाव तेवढा नीट बघायचाय."

हिंदुरावांनी चहाचा कप काठावर ठेवला. हे सरळसरळ आपलं घराणं जोखणं आहे, असं त्यांनी ताडलं.

ते धोतर खोचून ब्रश घेऊन बसले. पट्टा हलेना. तेव्हा त्यांनी धुण्याच्या सोड्याची अख्खी पिशवी आणली आणि सढळ हातानं चोळली. बघता बघता पिवळा पट्टा लाल झाला. साधासुधा लाल नव्हे, कुंकवासारखा. जितकं चोळावं तितका रंग खुलत गेला. गोजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पिवळं व्हतं तवा हळद झाली म्हणता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता बघणाऱ्याला वाटंल, हितं बकरं कापलंय."

उत्कर्षा पाणी तपासायची पेटी घेऊन धावत आली. नळीत तलावाचं पाणी घेऊन तिनं त्यात थेंब टाकले, तर रंग जांभळ्याकडे गेला. सोड्यानं हळद लालच होणार, तिनं सांगितलं, आणि आता पिशवीभर सोडा पाण्यातही उतरलाय. थोडं थोडं ॲसिड टाकून पाणी ताळ्यावर आणू, पट्टा दोन-चार दिवस उन्हात राहिला की आपोआप फिका पडेल. हिंदुरावांना दोन-चार दिवस हे शब्द तेवढे ऐकू आले. त्यांनी पुतण्याला, पिंटूला फोन लावला.

पिंटू बाटलीबंद पाण्याच्या झाकणांच्या कारखान्यात होता, त्यामुळे भावकीत पाण्यातला जाणकार म्हणून त्याचाच शब्द चालायचा. त्यानं आल्या आल्या ॲसिड ओतलं. पट्टा पुन्हा पिवळा झाला. हिंदुरावांना तेवढ्यानंही हुरूप आला. मग पिंटूनं क्लोरीनच्या पावडरीची बादली उघडली. उत्कर्षा आतून ओरडली, की ॲसिडवर लगेच ते टाकू नका, विषारी वायू होईल. म्हणून पिंटूनं जेवण होईपर्यंत दम धरला आणि मग बादली रिकामी केली.

पट्टा गेला. फरशा दुधासारख्या पांढऱ्या निघाल्या. काका-पुतणे एकमेकांच्या पाठीवर थाप मारून बाजेवर आडवे झाले. उठले तेव्हा फरशा पांढऱ्याच होत्या, पण तलावभर चहा होता.

"बोअरच्या पाण्यात लोखंड असतं, आप्पा," उत्कर्षा शांतपणे म्हणाली. "एवढं क्लोरीन पडलं, त्याचा गंज झाला. आता गाळून निघायला वेळ लागेल." पिंटूला तेवढ्यात ओव्हरटाइम असल्याचं आठवलं. टँकर मागवावेत, तर भर उन्हाळ्यात सगळे टँकर सोसायट्यांना लागलेले.  उत्कर्षा त्यानंतर नुसती फोनकडे बघत बसली, आणि ते हिंदुरावांना फार लागलं.

रविवारी त्यांनी खुर्च्या तलावाकडे पाठ करून मांडल्या आणि मधे मांडवाचं कापड बांधलं. बबनराव बायकोला घेऊन आले, पाणी प्यायले, पोहे खाल्ले. हातातली कापडी पिशवी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. साडी असावी, असं हिंदुरावांना वाटलं आणि जरा धीर आला. तोच बबनराव उठून कापड बाजूला सारून पलीकडे गेले. हिंदुराव मान खाली घालून मागोमाग गेले.

बबनराव बराच वेळ त्या तांबड्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून एक बाटली काढली. तिच्यात हिरवंगार पाणी होतं.

"माझा बी तलाव हाय, घरामागं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या निळ्या पाण्याचे फोटो बघितले, म्हटलं ह्यांना इचारावं. मंडळी महिनाभर नीट बोलंना झाली. म्हशी सोडा त्यात, म्हणती."

हिंदुरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी पेटी आणली आणि आदल्या दिवशी जे जे झालं ते सगळं सांगितलं. लाल पट्ट्याच्या जागी बबनराव एवढे हसले की त्यांना काठावर टेकावं लागलं. सोड्यानं काय होतं, ॲसिड कधी टाकायचं, क्लोरीन किती कमी टाकायचं, हे हिंदुराव आता जन्मभर हेच करत आल्यासारखे समजावू लागले.

आत गोजाबाई आणि बबनरावांच्या विमलबाई यांचं तोवर चांगलंच जमलं होतं. एकीची वांगी गेली होती, दुसरीची मेथी. त्या दुःखावरून गोष्टी निघाल्या त्या पोरांच्या स्वभावावर, मानपानावर आणि थेट दिवाळीनंतरच्या मुहूर्तावर पोचल्या. दोघी पेढ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या, मागे उत्कर्षा.

"अवो, आमी दोघींनी ठरवलं," गोजाबाई म्हणाल्या. "तुमी बापमाणूस, तुमच्या तोंडून एकदा येऊ द्या. करायचं न्हवं पोरांचं?"

हिंदुरावांनी नुकतेच बबनरावांच्या हिरव्या पाण्यात थेंब टाकले होते. नळी उन्हात धरून ते डोळे बारीक करून रंग बघत होते. शेजारी बबनराव श्वास रोखून उभे होते.

"काळजी नगं," हिंदुराव नळीवरची नजर न काढता म्हणाले, "थोडं ॲसिड पडलं, की समदं जुळतंय."

विमलबाईंनी गोजाबाईंकडे पाहिलं. "म्हंजी व्हय म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि पहिला पेढा उत्कर्षाच्या तोंडात घातला.