हेल्मेट घालून वाढणाऱ्या मेश्राममावशी

मेश्राममावशी एका दुपारी डोक्यावर हेल्मेट घालून भाजी वाढायला आल्या. मेसमध्ये कॉलेजची चौदा पोरं जेवत होती. एकानेही वर बघितलं नाही. "थोडी और, मावशी," म्हणत एकाने वाटी तेवढी पुढे केली, तीही मोबाईलवरची नजर न काढता.

मी थक्क. मावशींनी हेल्मेटची काच वर केली. "देखा सर? यांना वाढणाऱ्याचा चेहराच नाही लागत. हात असला की झालं!"

मी साताऱ्याहून इंदूरला कॉलेजात शिकवायला आलो आणि अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या मेसमध्ये जेवू लागलो. त्यांचे वडील महूच्या छावणीत सुभेदार होते, त्यामुळे मावशींचा आवाज परेडचा. "मुंडी ऊपर!" असं त्या ओरडल्या की पोरं दचकून वर बघत. दोन घासांनी मुंड्या पुन्हा खाली.

मग मावशींनी प्रयोग सुरू केले. एकदा कढी म्हणून चक्क हळद घातलेलं गरम पाणी वाढलं. "ताक नाही, बेसन नाही, मीठ पण नाही," माझ्या कानाशी कुजबुजल्या. तिघांनी भुरके मारले. एक तर म्हणाला, "भोत बढिया बनी है, मावशी!" मावशी तोंडाला पदर लावून खुर्चीतच बसल्या. मग खरी कढी आणून त्यालाच दोनदा वाढली.

या सगळ्याचा प्रेक्षक मी एकटाच. त्याचा मला जरा गर्वच होता.

परीक्षा सुरू होत्या. दोन दिवस मेस बंद राहिली, तिसऱ्या दिवशी उघडली. जेवताना कॉलेजच्या ग्रुपवर सुपरव्हिजनची यादी आली. मी त्यात माझं नाव शोधत होतो. मावशी पोळी घेऊन ताटापाशी थांबल्या, काहीतरी बोलल्या.

"अरे वा, छान!" मी म्हणालो.

मावशींनी पोळी ताटात ठेवली आणि त्या आत गेल्या.

समोर अनुष्का बसली होती, माझ्याच वर्गातली. तिने कानातला इअरफोन काढला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"सर, मावशींची बहीण वारली. परवा, महूला. आत्ता तेच सांगत होत्या त्या."

मी ताटावरून उठलो. तसाच खरकट्या हाताने स्वयंपाकघरात गेलो. मावशी पोळ्या लाटत होत्या.

"मावशी, मी... मी ऐकलंच नाही."

"असू द्या, सरजी." त्यांनी मान वर केली नाही. "पोरांचे पेपर आहेत, म्हणून आले लगेच. आणि घरी बसून तरी काय करू? रोज चार वाजता तिचा फोन यायचा. कोण नीट जेवलं नाही, कोणाला ताप आला, सगळं विचारायची. या पोरांना कधी पाहिलं नाही तिने, पण नावं पाठ होती."

मी गॅसजवळचं स्टूल ओढून बसलो. "काय नाव होतं त्यांचं?"

"शकू," मावशी म्हणाल्या. लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाच्या हातांनीच बोलू लागल्या.

बाहेर कोणीतरी पोळी मागत होतं. अनुष्का आत आली, पोळ्यांचा डबा उचलला आणि वाढायला गेली.