पहिल्या मिनिटातली घरघर

सासरेबुवांनी रेकॉर्ड तान्ह्या बाळासारखी खालून हात लावून दिली. "तिसरा भाग ऐका, इंजिनिअर. रविवारी येतो मी. काय ऐकलंत ते सांगा."

लग्नाला तीन वर्षं झाली तरी जावई अजून इंजिनिअरच होता. जावईबापू ही बढती अडकून पडली होती, कारण पहिल्याच भेटीत सासऱ्यांची लाडकी सिंफनी चालू असताना तो घोरला होता.

संगीतकार सव्वाशे वर्षांपूर्वीचा, वादकांचा ताफा शंभरेक जणांचा, आणि हा भाग म्हणे सगळ्यांत संथ, सगळ्यांत खोल. जावयाने डोळे मिटले. आणि पहिल्याच क्षणी त्याला ऐकू आली घरघर. खालच्या पट्टीतली, एकसुरी, चिवट. व्हायोलिनं आली तशी ती त्यांच्याखाली दबून गेली.

कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज कमी करणं हाच त्याचा पेशा. तो ताठ बसला.

आधी त्याने फ्रीज बंद केला. घरघर होतीच. मग पंखा. मग वरच्या काकूंना विनवून त्यांच्या माशांच्या टाकीचा पंप बंद करवला. त्याबद्दल काकू दर थोड्या वेळाने दारात येऊन मासे कसे तोंड उघडून वर येतायत याचा वृत्तान्त देऊ लागल्या. फ्रीज पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं, हे बायकोला स्वयंपाकघरात पाय घसरल्यावर कळलं.

"तू गाणं ऐकतोयस की पंचनामा करतोयस?" तिने फडकं पिळत विचारलं.

"दोष गेल्याशिवाय ऐकणार कसं?"

"बाकीच्या रेकॉर्ड नीट वाजतात की."

"त्यांच्या गोंगाटात दोष दडतो."

त्याच्याकडे उत्तर नाही असं कधीच होत नसे, आणि तिचं डोकं नेमकं त्यानेच फिरत असे.

शनिवारी त्याने कारखान्यातून एक पेटी आणून जोडली. खालच्या पट्टीतले आवाज ती चहाच्या गाळणीसारखी अडवायची. घरघर गेली. काकूंचे मासेही वाचले.

रविवारी सासरेबुवा बसले. पहिलं मिनिट चष्मा पुसण्यात घालवायची त्यांची सवय होती. आज पुसता पुसता हात थांबला. निखळ शांतता, आणि तिच्यातून अलगद वर येणारं व्हायोलिन. भाग संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"घरघर कुठे गेली?"

"काढली."

"माझ्या घरी वीस वर्षं आहे हो ती. चार मेकॅनिक झाले. लाजेने कुणाला बोललो नाही." त्यांनी उठून जावयाच्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, कान आहे तुम्हाला."

त्या आनंदात त्यांनी पुढच्या महिन्यात त्याच सिंफनीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची तीन तिकिटं काढली. पहिली रांग. बायको दोघांच्या मधे.

तिसरा भाग आला. संचालकाने छडी उचलली, सभागृहाने श्वास रोखला, आणि घरघर सुरू झाली.

सासऱ्यांनी लेकीच्या पाठीमागून जावयाला ढोसलं. "इथेही?"

जावई केव्हाच खुर्चीखाली वाकून वायर शोधत होता. मान वर केली तेव्हा त्याला रंगमंचाच्या उजव्या कडेला आठ माणसं दिसली. आपल्यापेक्षा उंच, खर्जात घुमणारी डबल बास व्हायोलिनं कवेत घेऊन, डोळे मिटून, जिवापाड हळुवारपणे ती गज फिरवत होती.

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता.

"गप्प बसा दोघं," बायको कुजबुजली. "बिघाड वाजवतायत ते."