पापणी पुरेना

रविवारी जेवणं आटोपल्यावर जयंतीबाईंनी विषय काढला. "दादा सहकुटुंब येतोय. पंधरा दिवस राहतील. तुमची काही हरकत?"

समोरच्या खुर्चीत जनार्दन खांबेटे ताठ बसले होते आणि फिकट काळ्या चष्म्यामागून त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनी हरकत घेतली नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माहेरच्या माणसांचा विषय पहिल्यांदाच इतका सुरळीत मार्गी लागला, म्हणून जयंतीबाईंनी लगेच सांगलीला फोन लावला.

चहाच्या वेळी जनार्दनरावांनी विचारलं, "कोण येतंय?"

"अहो, तुमच्यासमोरच ठरलं ना?"

"मी झोपलो होतो."

"डोळे उघडे ठेवून?"

जयंतीबाईंनी कपबशी खाली ठेवली.

जनार्दनराव जयपूरच्या एका विमा कार्यालयात उपव्यवस्थापक होते. त्यांच्या पापण्या मुळातच जड, वयाबरोबर आणखी उतरलेल्या. मीटिंगमध्ये ते टक्क जागे असले तरी कोणीतरी म्हणायचंच, "खांबेटेजी, गुड मॉर्निंग!" मग सगळे हसायचे. हे सहन न होऊन दीड महिन्यापूर्वी त्यांनी एका क्लिनिकमध्ये पापण्या वर उचलून घेतल्या. तिथल्या माणसानं कातडी जरा सढळ हातानं कापली. टाके निघाले तेव्हा जनार्दनरावांचा चेहरा नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखा दिसत होता, आणि तो तसाच राहिला. रात्रभर डोळ्यांत वाळू खुपायची. रात्री न झालेली झोप मग दिवसा कुठेही गाठायची.

सोमवारी दोघं डॉक्टर प्रणिता सान्यांकडे गेले. बिघडलेल्या पापण्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं कळलं होतं.

"काका, डोळे मिटा."

"मिटलेत."

"नाही मिटलेले." डॉक्टरांनी छोटी पट्टी लावून पाहिली. "चार मिलिमीटर फट राहतेय. झोपेत बुबुळ सुकतंय. डाव्यावर ओरखडासुद्धा उमटलाय. एरवी दुसरं ऑपरेशन आम्ही सहा महिने थांबून करतो. पण तुम्ही थांबलात तर नजर जाईल."

"पण पापणीला कातडी आणायची कुठून?"

"कानामागून."

जनार्दनरावांनी दोन्ही कान चाचपून पाहिले.

"पहिल्यापेक्षा दुसरं ऑपरेशन नाजूक असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी हमी देत नाही. शुक्रवारी या."

रजेच्या अर्जावर व्यवस्थापक भंडारीसाहेबांची सही हवी होती, म्हणून मंगळवारच्या मीटिंगला जाणं भागच होतं. साहेबांचं भाषण सुरू झालं. एसीचा गार झोत मानेवर येत होता. जनार्दनरावांना पुढचं आठवतं ते एकदम टाळ्याच. सगळे त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवत होते आणि साहेब हात पुढे करून चालत येत होते.

"शाबाश, खांबेटेजी! बाडमेर का नया ऑफिस आप सँभालेंगे. तीन साल. पहली तारीख से."

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं. मुलीचं, शमिकाचं, बारावीचं वर्ष होतं. जयंतीबाईंची स्वतःची जयपुरातच, मानसरोवर भागात शाळेतली नोकरी होती. म्हणजे दूर वाळवंटातल्या बाडमेरला जनार्दनराव एकटेच जाणार.

"बाबा, मतलब, तिथे तुमच्या डोळ्यांत ड्रॉप्स कोण टाकणार?" शमिकानं विचारलं.

"साहेबांना सरळ सांगा, झोप लागली होती म्हणून," जयंतीबाई म्हणाल्या.

"सांगू? ज्या बदनामीपायी डोळे कापून घेतले, ती आता स्वतःच्या तोंडानं करून घेऊ?"

शमिकानं ड्रॉप्सची बाटली आणली.

शुक्रवारी भूल फक्त डोळ्यांभोवती आणि कानामागे दिली होती. जनार्दनरावांना सगळं ऐकू येत होतं. कात्रीची कचकच, ट्रेमध्ये पडणाऱ्या चिमट्याचा आवाज, डॉक्टरांचा श्वास. उजवी पापणी झाली. डावीला बराच वेळ लागला.

"मिटा, काका."

त्यांनी मिटली. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

"काय झालं?"

"बोलू नका. हलू नका." डॉक्टरांचा आवाज कोरडा झाला होता. "एक मिलिमीटर कमी पडतोय. टाके काढून पुन्हा घालावे लागतील."

जनार्दनरावांनी टेबलाची कड घट्ट धरली. हा डोळा गेला तर आपण कुठल्या खुर्चीत बसून काय करणार, हे त्यांना दिसेना. बाहेर बाकावर जयंतीबाई असतील, हातात रिकामी पिशवी घट्ट धरून. त्या तशाच बसतात. टाके निघाले, नवे पडले.

"आता मिटा. हळू."

जनार्दनरावांनी डोळा मिटला. आधी धूसर उजेड राहिला, मग तोही गेला आणि गच्च, काळाकुट्ट अंधार झाला. इतका सुंदर अंधार त्यांनी दीड महिन्यात पाहिला नव्हता.

"शून्य," डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घरी सोडलं. रविवारी भंडारीसाहेब फळं घेऊन भेटायला आले. पलंगावर जनार्दनराव निश्चल पडले होते.

"भाभीजी, सो रहे हैं?"

"हां जी. दवा की नींद है."

साहेबांनी आवाज उतरवला. "आदमी हिम्मतवाला है. मैंने पूछा, बाडमेर कौन जाएगा? सत्रह लोगों ने नज़रें झुका लीं. बस इन्होंने नहीं झुकाईं."

पट्टीखाली जागे असलेल्या जनार्दनरावांचा ऊर भरून आला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

जयंतीबाई चहात साखर ढवळत होत्या. बराच वेळ ढवळत राहिल्या. मग चमचा थांबला.

"झुकाते कैसे, साहेब? पलकें बची ही कहाँ थीं? वो तो सो रहे थे."

"मीटिंग में?"

"हां जी."

"मेरे भाषण में?"

"शुरू से."

खुर्ची करकरली. साहेब उठले होते. "फिर तो बाडमेर के लिए किसी और को सोचना पड़ेगा," ते सावकाश म्हणाले. त्यांची पावलं पलंगाजवळ आली. "पर मुझे यकीन नहीं होता. खांबेटेजी? आप सुन रहे हैं?"

एका शब्दाचं काम होतं. 'हां' म्हटलं की तीस वर्षांची अब्रू शाबूत, आणि पहिल्या तारखेला बाडमेर. शेजारच्या खोलीत शमिकाच्या वहीची पानं उलटायची थांबली होती.

जनार्दनरावांनी तोंड उघडलं आणि सावकाश, खर्जात घोरायला सुरुवात केली.